ग्वेर्चिनोसारखं पेन-वॉशचं संतांचं ड्रॉइंग करायचंय, शाई-कागद-उजेड सगळंच विचारायचंय

काकतीवेस_आर्ट:

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शाळेत ड्रॉइंग शिकवतो. आमच्या भागातल्या भजनी मंडळानं आषाढीसाठी एक मोठं चित्र मागितलंय, तुकोबा कीर्तनात उभे आहेत असं, सहा फूट उंच आणि चार फूट रुंद, देवळाच्या मंडपात लावायला. कॅलेंडरसारखं रंगीत गुळगुळीत करायचं नाही हे माझं आधीच ठरलंय, कारण बरेच दिवस झाले मी रात्री बसून म्युझियमांच्या साइटवर जुनी इटालियन ड्रॉइंग्ज झूम करून बघालोय आणि त्यातल्या ग्वेर्चिनो या सतराव्या शतकातल्या चित्रकारानं मला पार धरून ठेवलंय. गुडघे टेकून बसलेला एखादा संत, तपकिरी शाईच्या चार पिळदार रेघा, पाठीवर पातळ वॉशचा (म्हंजे पाणी घातलेल्या शाईचा) एक मोठा ओघळ, कपाळ आणि हाताची बोटं मात्र कोरी सोडलेली, आणि त्या कोऱ्या जागेवरच उजेड येऊन पडलाय असं वाटतंय. डोळे म्हंजे दोन ठिपके, तरी तो माणूस प्रार्थना करालाय हे लांबून कळतंय. एवढ्या थोडक्यात एवढा भाव कसा येतो हेच मला समजून घ्यायचंय आणि जमलं तर तुकोबांसाठी वापरायचंय.

आता विचारायचं ते असं की ती शाई नेमकी कसली, खाली सगळीकडे 'ब्राऊन इंक, ब्राऊन वॉश' एवढंच लिहिलेलं असतंय, ती मुळातच तपकिरी असते का नंतर होते, आणि दुकानातली सेपिया घेतली तर तसंच दिसणार का? कार्ट्रिज शीटवर वॉटरप्रूफ काळ्या शाईनं केलं की रेघ एकीकडे आणि वॉश एकीकडे राहतंय, त्यांच्यात मात्र दोन्ही एकजीव असतात, ते कशानं? कागदाचा काही फरक पडतो का? आणि काही ड्रॉइंग्जवर चौकटी मारलेल्या दिसतात, काहींवर रेघेनं रेघेनं बारीक भोकं, ती कशाला पाडलीत? जाणकारांनी सविस्तर सांगा की ओ.

पोथीवाला_धारवाड:

शाईचं मी सांगतो. माझं काम जुन्या पोथ्या, सनदा, दप्तरं यांच्या डागडुजीचं, असतो धारवाडला पण मूळ खानापूर तालुक्यातला.

ग्वेर्चिनो (1591 ते 1666, बोलोन्याजवळच्या चेंतो गावचा) पेननं काढायचा ती शाई बहुतेक वेळा आयर्न गॉलची. ती कागदावर उतरते तेव्हा फिकट करडी असते, हवा लागली की काळी होत जाते आणि पुढं शे-दोनशे वर्षांत तपकिरी पडते. म्हंजे आज आपल्याला जो उबदार तपकिरी रंग दिसतो तो बऱ्याच ठिकाणी काळानं दिलेला आहे, काढणाऱ्यानं काळपट रेघच काढली होती. हे ध्यानात ठेवा, कारण आपण पहिल्यापासूनच गोड तपकिरी शाई घेऊन बसलो तर अंधार आणि उजेड यातलं अंतर कमी होतं आणि चित्र मऊ पडतं. ग्वेर्चिनोचं अंतर फार मोठं होतं.

वॉशला कधी तीच शाई पाणी घालून, कधी बिस्टर. बिस्टर म्हंजे लाकडाच्या धुरानं चिमणीत जी चकचकीत चिकट काजळी धरते ती पाण्यात उकळून गाळायची, फार पारदर्शक तपकिरी मिळतो. हा मात्र पहिल्यापासूनच तपकिरी. सेपिया तुम्ही म्हणताय ती माकुळाच्या शाईची, ती चित्रकारांच्यात रुळली अठराव्या शतकाच्या शेवटाला, त्यामुळं सतराव्या शतकातल्या ड्रॉइंगखाली कुणी सेपिया लिहिलं असेल तर सहसा विश्वास ठेवू नका.

आयर्न गॉल घरी करता येते आणि सामान आपल्याच घरातलं आहे. ओकच्या झाडावर कीटकानं अंडी घातली की जी गाठ येते ती म्हंजे आपलं मायफळ, बाळगुटीत उगाळतो तेच, कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. युरोपातले शाईवाले अलेप्पोहून येणारी मायफळं सगळ्यात चांगली मानायचे कारण त्यात टॅनिन, म्हंजे तुरट द्रव्य, भरपूर. मायफळ जाडसर कुटून पावसाच्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवायचं, गाळून त्यात हिराकस घालायचं, शेवटी बाभळीचा डिंक. जुन्या कृतींमध्ये तीन भाग मायफळ, दोन भाग हिराकस, एक भाग डिंक असं प्रमाण पुष्कळदा सापडतं. हिराकस म्हंजे फेरस सल्फेट, ऊस पिवळा पडला की शेतकरी फवारतात तेच. शाई करताना लोखंडाचं भांडं नको, काचेचं घ्या, आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आपल्याकडं हिरड्याचा काढा आणि हिराकस मिळून काळा रंग धरतात तेही हेच रसायन, टॅनिन आणि लोह. हिरडा तर जांबोटीच्या रानात पाहिजे तेवढा.

पण एक मोठी अडचण. ही शाई कागद खाते. त्यात आम्लही असतं आणि सुटं राहिलेलं लोहही, दोन्ही मिळून कागदाचे तंतू तोडतात. ग्वेर्चिनोच्याच काही कागदांवर जिथं शाई दाट साचलीय तिथं मागच्या बाजूनं तपकिरी डाग आलेत, काही ठिकाणी रेघेच्या जागी चीर गेलीय. दमट हवेत हे जोरात चालतं आणि आषाढातली बेळगावची हवा तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीची, ती पाण्यानं पुसेल पण कागदाला काही करत नाही, शेकडो वर्षांच्या पोथ्या आजही माझ्या हातात धडधाकट येतात. म्हणून माझं म्हणणं, छोटे अभ्यास मायफळाच्या शाईनं करून ती रेघ हाताला कळू दे, मंडपातलं मोठं चित्र काजळीच्या शाईत थोडा बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग मिसळून करा.

वॉटरप्रूफचं उत्तर सोपं आहे. त्या शाईत लाख असते, वाळली की वर पापुद्रा धरतो, मग वॉश त्याच्यावरून नुसता वाहून जातो. डिंकाची साधी शाई वॉश लागला की किंचित सुटते, रेघेची कड पाण्यात मिसळते, एकजीव दिसतं ते त्यामुळं.

निपाणीचे_गुरुजी:

पोथीवाल्यांनी शाईचं एकदम नेमकं सांगितलंय. मी निवृत्त ड्रॉइंग शिक्षक, आयुष्यभर पोरांना रेघ शिकवली, आता उजेडाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या ड्रॉइंग्जचं सगळं मर्म तिथंच आहे.

काकतीवेस सर, तुम्ही स्वतःच लिहिलंय की कपाळ कोरं सोडलंय. तेवढं वाक्य धरून ठेवा. उजेड म्हंजे न लावलेला कागद, दुसरं काही नाही. आपण तैलरंगात किंवा पोस्टरकलरमध्ये उजेड शेवटी पांढऱ्यानं वर ठेवतो, इथं मात्र पहिल्या क्षणापासून राखावा लागतो, एकदा वॉश गेला की ती जागा परत मिळत नाही. म्हणून ग्वेर्चिनो आधी अंधार कुठं पडणार ते ठरवतो. संताच्या पाठीमागं, काखेत, झग्याच्या घडीत, आणि तिथं भरलेला ब्रश एका दमात फिरवतो. नीट झूम करून बघा, त्याचा वॉश रेघेच्या आत राहतच नाही, बाहेर जातो, अर्धा दंड आणि मागची अर्धी हवा एकाच ओघळात भिजते. पोरांना आपण शिकवतो की आधी आउटलाइन आणि मग आत रंग भरा, तिथंच सगळा फरक पडतो. त्याची रेघ शरीर सांगते आणि वॉश उजेड सांगतो, दोघं आपापलं काम करतात, एकमेकांच्या कडा धरून चालत नाहीत. जिथं दोन्ही नाहीत तिथं बघणाऱ्याचा डोळा स्वतः भर घालतो, आणि माझं तर ठाम मत आहे की भाव तिथूनच येतो, बघणाऱ्याला आत घेतल्यामुळं.

कागद. त्या काळी कागद जुन्या कापडाच्या, मुख्यतः लिननच्या चिंध्यांचा, हातानं साच्यावर उचललेला. उजेडासमोर धरला की अगदी जवळजवळ बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात साधारण इंचाइंचावर ठळक रेघा दिसतात, ती साच्याच्या तारांची खूण. रेघा नसलेला सलग कागद युरोपात 1757 च्या सुमारास आला, त्यामुळं कागद बघूनसुद्धा पुष्कळ कळतं. त्यावर जिलेटिनचं सायझिंग, म्हंजे खळीसारखा हात, दिलेलं असायचं, म्हणून पेनची रेघ फुटत नाही आणि वॉश लगेच आत न शोषला जाता थोडा वेळ वर तरंगतो, तेवढ्यात ब्रशनं खेळायला मिळतं. आपली साधी कार्ट्रिज शीट पाणी पटकन पिते आणि फुगते. पुण्याचा सुती हातकागद घेऊन बघा, पण सायझिंग केलेला मागा, आणि कोपऱ्यात शाईचा एक थेंब टाकून फुटतो का ते पाहूनच पैसे द्या.

पेन त्यांचं पिसाचं, हंसाच्या जातीच्या पक्ष्याचं. दाब दिला की रेघ फुगते, सोडला की केसासारखी. आपला बोरू वेगळा, त्याची रेघ बोथट, सरळसोट आणि लवकर कोरडी पडणारी, डच चित्रकार रेम्ब्रांटला तो फार आवडायचा. तुकोबांसाठी मला विचाराल तर बोरूच घ्या, त्या माणसाला पिळदार रेघ शोभणार नाही, ठोक रेघ पाहिजे.

आता थोडक्यात भाव कसा येतो ते. ते थोडक्यात नाही हो! बोलोन्यात 1582 च्या सुमाराला आन्निबाले काराच्ची हा चित्रकार, त्याचा भाऊ आगोस्तीनो आणि चुलतभाऊ लुदोविको यांनी शिक्षणाची जी पद्धत घातली तिच्यात जिवंत माणसावरून काढण्याला फार महत्त्व. रस्त्यावरचा माणूस, कामगार, घरातलं पोर, जो दिसेल तो. लुदोविकोचं एक चित्र 1591 साली, म्हंजे ग्वेर्चिनो जन्मला त्याच वर्षी, चेंतोच्या कपुचिन साधूंच्या चर्चमध्ये लागलं आणि हा मुलगा ते बघत मोठा झाला. पुढं 1616 ला त्यानं गावातच मॉडेल बसवून काढायची अकादमी सुरू केली, तिथं कोळशाची कांडी जवसाच्या तेलात मुरवून काढायचे, काळा असा गडद यायचा की बस. एका चित्रासाठी तो पेननं कितीतरी वेगवेगळ्या मांडण्या करून बघायचा, कधी संत डावीकडं, कधी उजवीकडं, कधी देवदूतच काढून टाकलेला, मग डोकं आणि हात वेगळे लाल खडूनं. ते सगळं हातात मुरल्यावर शेवटी चार रेघा पुरतात.

म्हणून माझा सल्ला एकच. तुमच्या भजनी मंडळातला एखादा टाळकरी किंवा वीणेकरी समोर उभा करा, संध्याकाळी एका बाजूनं एकच दिवा लावा आणि काढत बसा. चेहऱ्याच्या आधी हात आणि पाय काढा. बेळगावात ही शिस्त काही नवी नाही, के. बी. कुलकर्णी सरांनी इथंच कित्येकांना अशी रेघ दिली, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी.

लाल खडू म्हंजे आपला गेरूच, हेमॅटाइट मिसळलेली माती, चांगला घट्ट खडा मिळाला तर घासून टोक काढता येतं. त्या काळी लाल खडूच्या ड्रॉइंगवर ओला कागद दाबून उलटी प्रत काढायचे, मांडणी आरशात कशी दिसते ते कळायचं. करून बघण्यासारखं आहे.

कॅम्पवाली:

मी चित्रकार नाही, बेळगावात कॅम्पात राहते, घरी कोंकणी आणि मराठी दोन्ही, आणि लहानपणापासून ज्या चित्रांसमोर गुडघे टेकले ती याच घराण्यातली, म्हणून लिहावंसं वाटलं.

गुरुजी, उजेडाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते तंत्र म्हणून पटलं पण त्या लोकांसाठी तो उजेड नुसता दिव्याचा नव्हता. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं ठरवलं की संतांची चित्रं ठेवायची, त्यातून सामान्य माणसाला शिकवण मिळावी आणि त्याचं मन देवाकडं वळावं, पण त्यात काही अशोभनीय किंवा खोटं नको. बोलोन्याचे धर्मगुरू पालेओत्ती यांनी तर 1582 मध्ये चित्रं कशी असावीत यावर भलं मोठं लिखाण केलं. म्हंजे काराच्ची बंधू जिथं काढत होते तिथंच. त्यामुळं संत फ्रान्सिसच्या तळहातावर ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा, शेजारी कवटी, हातात साधा लाकडी क्रूस, आणि उजेड वरून एका बाजूनं, हे सगळं बघणाऱ्याला वाचता यायचं. वरून येणारा उजेड म्हंजे कृपा. चित्रकारानं तो राखलेला कागद आहे हे खरं, पण प्रार्थना करणाऱ्याला तो दिलेला वाटतो.

आणि एक गोष्ट सांगते जी मला फार मोलाची वाटते. बर्निनी, ज्यानं रोममध्ये एवढं सगळं संगमरवरात केलं, त्यानं म्हातारपणी 1669-70 च्या सुमाराला एक ड्रॉइंग केलं, क्रूसावरचा ख्रिस्त हवेत तरंगतोय, त्याच्या जखमांमधून रक्त वाहून खाली त्याचा समुद्र झालाय, मरियेनं हात पुढं केलेत आणि वर देवपिता बाहू पसरून. त्याच्यावरून फ्रान्स्वा स्पिएरनं तांब्यावर कोरून छाप काढले, म्हंजे ते घराघरात जावं म्हणून. आणि त्याचं रंगवलेलं एक मोठं रूप बर्निनीनं स्वतःच्या पलंगासमोर ठेवलं होतं, 1680 मध्ये गेला तो त्याच्याकडं बघत. हे काही कुणी पैसे देऊन मागितलेलं चर्चचं काम नव्हतं, मरणाच्या तयारीला केलेलं होतं. भक्तीचं ड्रॉइंग म्हटलं की मला पहिलं हेच आठवतं. कुणाला रेघेची ताकद बघायची असेल तर क्लोद मेलाँचा 1649 चा ख्रिस्ताचा चेहरा शोधा, नाकाच्या शेंड्यापासून सुरू झालेली एकच रेघ गोल गोल फिरत जाते, कुठं जाड कुठं बारीक, आणि तेवढ्यात आख्खा चेहरा, काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब, कापडसुद्धा. ते कोरीव छापचित्र आहे, ड्रॉइंग नाही, पण तुमच्या शाळेतल्या पोरांना नक्की दाखवा.

आता जे बोलायला आले ते. काकतीवेस सर, तुम्ही तंत्र घ्या, पण ती बैठक आणि ती नजर तुकोबांना देऊ नका. वर आभाळाकडं लागलेले पाणावलेले डोळे, मागं झुकलेली मान, उघडे ओठ, हे आमच्या ख्रिस्ती संतांचं आहे कारण आमचा देव वरून येतो, गुइदो रेनी या इटालियन चित्रकारानं तर असे चेहरे इतके काढले की पुढं सगळ्या छापील चित्रांत तेच आले. वारकरी वर बघत नाही, तो समोर बघतो. विठोबा विटेवर माणसाच्या उंचीला उभा आहे, नजरेला नजर. आमच्या शेजारी दरवर्षी दिंडीला जाणारे काका आहेत, ते देवळात उभे राहतात तेव्हा मान सरळ आणि पाय जमिनीवर पक्के असतात, हात वर गेले तरी नाचण्यासाठी जातात. उजेड तुम्ही कुठून आणणार याचा विचार करा. वरून आणलात तर चित्र सुंदर होईल, पण ते तुकोबांचं राहणार नाही असं मला मनापासून वाटतं.

सुट्टीत चोर्ला घाटातून जुन्या गोव्याला जाऊन या. बॉम जेझू चर्चमध्ये संत झेवियरच्या समाधीखालचा चौथरा फ्लॉरेन्सच्या फॉजीनी या शिल्पकाराचा आहे, 1698 ला बसवला, त्याच्यावरचे ब्राँझचे चार पट जवळून बघा. आणि तिथंच सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं म्युझियम बघा, गोव्याच्या कारागिरांच्या हातात ही युरोपातली भक्ती कशी बदलली ते दिसतं.

जांबोटीकर:

कॅम्पवाली ताईंचं शंभर टक्के पटलं. समोरून उजेड हीच गोष्ट.

मी फक्त एवढंच म्हणतो की हे सगळं एकाच दिशेनं आलं असं कुणी समजू नये. रेम्ब्रांटनं 1656 ते 1661 च्या आसपास मुघल चित्रांवरून वीस-पंचवीस ड्रॉइंग्ज केली, पूर्वेकडून आलेल्या कागदावर, शहाजहानची सुद्धा आहेत. एका मुघल चित्रात झाडाखाली बसलेले चार वृद्ध शेख आहेत, त्याची त्यानं नक्कल केली आणि तीच बैठक घेऊन 1656 च्या एचिंगमध्ये (तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या छापचित्रात) अब्राहमाच्या दारी आलेले देवदूत जमिनीवर बसवले. म्हंजे बायबलातला प्रसंग आणि बसायची तऱ्हा आपल्याकडची. इकडं आपल्या भागावर आदिलशाही होती तेव्हा हॉलंडमधल्या हार्लेमचा कॉर्नेलिस हेडा नावाचा चित्रकार 1610 च्या सुमाराला विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी आला आणि तिथंच राहिला. विजापूर आपल्यापासून काही फार लांब नाही. त्यामुळं बेळगावच्या माणसानं ग्वेर्चिनोकडं बघून तुकोबा काढले तर त्यात परकं काही नाही, ही देवाणघेवाण इथं चारशे वर्षांपासून आहे.

पण गुरुजी, एका बाबतीत मी वेगळं म्हणतो. ती ड्रॉइंग्ज हातात धरून बघायची, वीतभर-हातभर कागद. मंडपात पंधरा-वीस फुटांवरून म्हाताऱ्या माणसांना दिसायला पाहिजे. कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथी सांगतात त्यांची जुनी चित्रं बघा, कथा ऐकायला बसलेल्यांना दिसावं म्हणून रेघ जाड, डोळे मोठे, आकृती बाजूनं स्पष्ट. फिका वॉश ठेवून राखलेला उजेड लांबून नुसता पांढरा कागद दिसेल. म्हणून अंधार भरपूर गडद पाहिजे, निम्म्याहून जास्त चित्र काळोखात गेलं तरी चालेल.

काकतीवेस_आर्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून डोक्यात जे चित्र तयार झालंय ते असं की तुकोबा समोरून नाही, किंचित बाजूनं, हातात वीणा, दुसरा हात पुढं, मान सरळ. उजेड समोरून, छातीच्या उंचीवरून, म्हंजे विठोबा चित्रात दिसणारच नाही, जिथून उजेड येतोय तिथं तो उभा आहे असं धरायचं, आणि मंडपात ते चित्र अशा भिंतीवर लावायचं की तुकोबांची नजर गाभाऱ्याकडं जाईल. पाठीमागचे टाळकरी सगळे वॉशमध्ये, जवळजवळ अंधारात, फक्त टाळांच्या कडा आणि एखादं कपाळ कोरं. कॅम्पवाली ताई, तुम्ही ते नजरेचं बोललात म्हणून हे सुचलं.

मंडळातल्या एका वीणेकऱ्यांना विचारलंय, ते उभे राहायला तयार आहेत, धोतर-अंगरखा त्यांचा स्वतःचाच.

आता राहिलं ते चौकटी आणि भोकं. आणि एवढ्या मोठ्या आकारात वॉश एका दमात कसा मारायचा, कापडावर करू का कागदावर?

निपाणीचे_गुरुजी:

विठोबा न दाखवता उजेडातून आणायचा हे फार चांगलं सुचलंय तुम्हाला, आता मागं हटू नका.

चौकटी म्हंजे आपले जुने बोर्ड रंगवणारे मारतात त्याच. छोट्या ड्रॉइंगवर सारख्या मापाचे चौकोन, मोठ्या कागदावर तेवढेच चौकोन पण मोठे, आणि एकेका चौकोनातली रेघ तिकडं न्यायची. ज्या जुन्या ड्रॉइंगवर चौकटी दिसतात ते चित्रकारानं पक्कं केलेलं, पुढं मोठं करायला घेतलेलं आहे असं बहुतेक समजायचं. भोकं वेगळी. पूर्ण आकाराचं ड्रॉइंग झालं की रेघेवरून सुईनं टोचत जायचं, ते खालच्या पृष्ठभागावर ठेवून कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी वरून थापायची, खाली ठिपके उमटतात. शहापुरात भरतकामाची नक्षी कापडावर उतरवून देतात तशीच रीत. तुम्हाला भोकांची गरज नाही, चौकटींनीच करा, कारण भोकांनी उतरवलेली रेघ मेलेली असते, ठिपके जोडत बसावं लागतं, आणि बोरूची रेघ जोडून काढता येत नाही, ती एकदाच ओढायची असते.

कागदावरच करा. कापड वॉश पितं आणि कोरी जागा पिवळट दिसते. त्या काळचे मोठे कार्टून, म्हंजे चित्राच्या पूर्ण आकाराची कच्ची ड्रॉइंग्ज, सुद्धा बरेच कागद एकमेकांना चिकटवून केलेले असायचे, तुम्हीही हातकागदाचे ताव जोडा, जोड मात्र तुकोबांच्या चेहऱ्यावर आणि हातावर येणार नाहीत असे आखून घ्या. वॉश मारताना कागद जमिनीवर आडवा ठेवा, भिंतीवर उभा नको, ओघळ खाली जातात. रुंद मऊ ब्रश घ्या, वॉश तीन वाट्यांत आधीच कालवून ठेवा, फिका, मधला आणि गडद, मध्येच कालवायला गेलात की कड वाळते आणि डाग पडतो. आधी मधला सगळीकडं, कोऱ्या जागा सोडून, मग तो पूर्ण वाळल्यावर गडद. फिका सगळ्यात शेवटी, अगदी थोडा, गालाच्या वळणावर. पांढरा रंग जवळ ठेवूच नका, असला की हात जातो. त्या काळी काहीजण शिशाचा सफेदा लावायचे, तो हवेतल्या गंधकानं काळा पडतो आणि कित्येक जुन्या ड्रॉइंग्जमध्ये जिथं उजेड असायला पाहिजे तिथं आज काळे ओरखडे दिसतात.

जांबोटीकर म्हणतात ते मान्य आहे, गडद खरंच गडद ठेवा. वीणेकरी बुवांची पहिली स्केचेस झाली की इथं टाका, आम्हाला सगळ्यांना बघायची आहेत.

पोथीवाला_धारवाड:

ताव जोडायला आणि मागून कापड लावायला गव्हाच्या पिठाची खळ वापरा, मैद्याची चालेल, नीट शिजवून गाळून. फेव्हिकॉल नको, पुढं कुणाला सोडवायचं झालं तर सुटत नाही. आणि जुनी माणसं सांगतात तसं किडीसाठी खळीत मोरचूद घालू नका, त्यातलं तांबं कागदाला तसंच खातं जसं हिराकसातलं लोह. खळ रोज ताजी करा, पातळ लावा, आणि पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा.